बसस्थानकावरील डिजिटल फलक : साधनांची निवड कशी करावी?

एस. टी.च्या कोणत्याही बसस्थानकावर दहा मिनिटे उभे राहिले, तर चौकशीच्या खिडकीपाशी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो. ‘साहेब, आमची गाडी कोणत्या फलाटावर लागणार?’ १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, तेव्हापासून या प्रश्नात फरक पडलेला नाही. उत्तर देण्याची साधने मात्र बदलत गेली. प्रथम रंगवलेला वेळापत्रकाचा फलक आला, त्याच्या जोडीला ध्वनिक्षेपक आला, आणि आता बसस्थानके, रुग्णालये, बाजार समित्या व तहसील कचेऱ्या यांच्या भिंतींवर डिजिटल फलक दिसू लागले आहेत. मुंबईच्या उपनगरी गाड्यांनी प्रवास करणाऱ्यास याचे नावीन्य नाही. तो फलाटावर पाऊल टाकताच मान वर करून ‘इंडिकेटर’ पाहतो आणि त्याप्रमाणे जिना चढायचा की थांबायचे, हे ठरवतो. असा भरवसा जेथे निर्माण होतो, तेथेच फलकावरील खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.

हा भरवसा सर्वत्र निर्माण झालेला नाही, हेही मान्य केले पाहिजे. एका तालुक्याच्या बसस्थानकावर प्रस्तुत लेखकाने पाहिलेला फलक चांगला मोठा होता, परंतु त्यावर निळ्या पार्श्वभूमीवर ‘नो सिग्नल’ एवढीच अक्षरे होती. त्याच्या खाली बाकावर बसलेल्या एक आजीबाई येणाऱ्या-जाणाऱ्यास आपली गाडी विचारत होत्या. गाडी त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या फलाटावरून निघून गेली, आणि पुढची गाडी संध्याकाळची होती. चौकशी केली तेव्हा कळले, की फलकात बिघाड असा काहीच नव्हता. सकाळी वीज जाऊन आली होती, आणि संच पुन्हा सुरू करण्यासाठी लागणारा रिमोट कुलूपबंद खणात होता.

या प्रसंगात दोष कर्मचाऱ्याचा नाही, तो निवडीचा आहे. साधनांची निवड बहुधा पडद्याच्या आकारापासून व किमतीपासून सुरू होते. वस्तुतः ती फलक वाचणाऱ्या माणसापासून सुरू झाली पाहिजे. तो किती अंतरावर उभा आहे, त्याच्या दृष्टीची स्थिती काय आहे, तेथे ऊन किती पडते, वीज किती वेळा जाते, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की कोणते यंत्र घ्यावे हे पुष्कळसे आपोआप ठरते. उदाहरणादाखल आपण एक मध्यम आकाराचे बसस्थानक घेऊ. तेथे एक फलक प्रतीक्षागृहात, एकेक लहान फलक प्रत्येक फलाटाच्या कडेला आणि एक मोठा फलक प्रवेशद्वाराशी लावायचा आहे, असे समजू.

अक्षर किती मोठे हवे?

निर्दोष दृष्टीच्या माणसाला १० मीटर अंतरावरून साधारण दीड सेंटिमीटर उंचीचे अक्षर जेमतेम ओळखता येते. नेत्रतपासणीचा तक्ता याच हिशेबावर आधारलेला असतो. ज्याची दृष्टी ६/१८ इतकी उतरली आहे, म्हणजे इतरांना जे १८ मीटरवरून दिसते ते ज्याला ६ मीटरवरूनच दिसते, त्याला तेवढ्याच अंतरावर तिप्पट मोठे, म्हणजे सुमारे साडेचार सेंटिमीटरचे अक्षर लागते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लांबणीवर टाकलेली कितीतरी वडीलधारी माणसे एस. टी.ने प्रवास करतात, आणि फलकाची खरी गरज त्यांनाच अधिक असते. शिवाय ही मर्यादा केवळ ओळखण्याची आहे, सुखाने वाचण्याची नव्हे. म्हणून १० मीटरसाठी शिरोरेषेपासून खाली पाच ते सहा सेंटिमीटर उंचीचे अक्षर धरावे.

देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांसाठी जागा सोडावी लागते. त्यामुळे एका ओळीस सुमारे १० सेंटिमीटर उंची लागते. बाजारात ५५ इंची म्हणून मिळणारा पडदा आडवा लावला असता सुमारे १२२ सेंटिमीटर रुंद व ६८ सेंटिमीटर उंच भरतो. त्यावर मथळ्यासह सहा ओळी बसतील. तोच पडदा उभा लावला तर ओळी बारा होतील, पण रुंदीत जेमतेम तेरा-चौदा अक्षरे मावतील. त्यात ‘छत्रपती संभाजीनगर’ हे नाव लिहिल्यावर गाडीची वेळ व फलाट क्रमांक यांना जागा उरत नाही. म्हणजे निवड आडव्या पडद्याचीच करावी लागेल, आणि त्यावर दिवसभराच्या वीस-पंचवीस गाड्या न देता पुढच्या पाच गाड्याच द्याव्या लागतील. एका पडद्यात सारे वेळापत्रक कोंबण्याचा मोह होतो खरा. तथापि असे फलक केवळ उद्घाटनाच्या छायाचित्रात चांगले दिसतात. सरकती ओळ हाही त्यावरचा उपाय नव्हे, कारण अडखळत वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून ती निम्मी वाचून होण्यापूर्वीच निघून जाते.

पडदा आणि दिव्यांचा फलक

येथे शब्दांचा एक घोटाळा दूर करणे अगत्याचे आहे. दुकानात ‘एलईडी टीव्ही’ म्हणून जो संच विकला जातो, तो बहुतेक वेळा द्रवस्फटिकाचा, म्हणजे एलसीडी जातीचा पडदा असतो. एलईडी दिवे त्याच्या पाठीमागे असतात, आणि त्यांचा प्रकाश अडवणे किंवा सोडणे एवढेच काम द्रवस्फटिक करतो. खरा एलईडी फलक याहून वेगळा होय. त्यात प्रत्येक बिंदू हाच एक स्वतंत्र दिवा असतो. निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये दृश्य तांबडा प्रकाश देणारा एलईडी तयार केला. परंतु तेजस्वी निळा प्रकाश मिळवण्यास १९९० नंतरची वर्षे उजाडावी लागली. जुने सरकत्या अक्षरांचे फलक तांबड्याच रंगाचे का असत, याचे कारण यात आहे. निळ्या दिव्याच्या या शोधाबद्दल इसामू अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

कोणत्या जागी कोणता प्रकार घ्यावा, हे प्रामुख्याने उजेडावर अवलंबून असते. पडद्याची तेजस्विता ‘निट’ या एककात मोजतात. घरगुती संच साधारण २५० ते ४०० निटचे असतात. प्रतीक्षागृहाच्या सावलीत ४०० ते ५०० निटचा पडदा पुरेसा होतो. एक बाजू उघडी असलेल्या छपराखाली ७०० ते १,००० निट हवेत. उन्हात उभा राहणारा एलसीडी पडदा २,५०० निटच्या खाली घेऊ नये, तर उघड्यावरील एलईडी फलक ५,००० निट व त्याहून अधिक तेजाचे असतात.

एवढे तेज कशासाठी, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. दुपारच्या कडक उन्हात चुन्याने रंगवलेली साधी भिंत पाहावी. तिच्यावरून परावर्तित होणारा प्रकाश २५ हजार निटच्या घरात जातो. तिच्याशेजारी ४०० निटचा पडदा टांगला तर तो विझलेलाच वाटणार. रंगवलेला जुना फलक मात्र उन्हात अधिक स्पष्ट दिसतो, कारण तो उसन्या उजेडावर चालतो, आणि ऊन वाढेल तसा त्याचाही उजेड वाढतो. म्हणून अधिक तेजाच्या, आणि अर्थातच अधिक किमतीच्या, पडद्यावर पैसे घालण्यापूर्वी जागा बदलून पाहावी. उत्तरेकडे तोंड करून लावलेल्या फलकावर वर्षातील बहुतेक काळ थेट ऊन येत नाही. दीड-दोन फुटांची पत्र्याची पडवी पुढे काढली, तर कित्येकदा निम्म्या तेजाच्या पडद्यावरही भागते.

उष्णतेचा विचार याला जोडूनच करावा लागतो. सामान्य पडदे ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत चालावेत अशा बेताने बनवलेले असतात. चंद्रपूर किंवा अकोल्याच्या मे महिन्यात सावलीतील तापमानच ४५ अंशांपर्यंत चढते. त्यात दगड लागू नये म्हणून पडदा काचेच्या बंद पेटीत ठेवला, की त्या पेटीची भट्टी होते. द्रवस्फटिक एका मर्यादेपलीकडे तापला की आपला गुणधर्म गमावतो, आणि पडद्यावर काळे डाग पसरू लागतात. थंड झाल्यावर ते जातात, पण दुपारच्या गाड्या तोपर्यंत निघून गेलेल्या असतात. विदर्भ-मराठवाड्यासाठी ५० अंशांपर्यंत चालणारा पडदा मागावा, आणि पेटीला खालून हवा घेणारी व वरून सोडणारी जाळीदार झडप व पंखा असावा. कोकणात प्रश्न निराळा आहे. तेथे खारी, दमट हवा जोडण्यांना गंज चढवते. उघड्यावरच्या फलकासाठी ‘आयपी ६५’ दर्जा मागितला जातो. त्यातील पहिला आकडा धुळीपासूनचे, तर दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवतो. खारेपणाविषयी मात्र हा दर्जा काहीच सांगत नाही. म्हणून आतील मंडलांवर संरक्षक लेप आहे किंवा नाही, हे स्वतंत्रपणे विचारून घ्यावे.

ठिपक्यांचे अंतर आणि आपली लिपी

फलाटाच्या कडेच्या लहान फलकांसाठी एलईडी प्रकार सोयीचा पडतो. येथे पाहावयाची मुख्य गोष्ट म्हणजे दोन दिव्यांमधील अंतर. ‘पी १०’ म्हणजे १० मिलिमीटर, ‘पी ५’ म्हणजे ५ मिलिमीटर. जितके मिलिमीटर अंतर, तितक्या मीटरांच्या अलीकडून ठिपके सुटे दिसू लागतात, असा व्यवहारातील ठोकताळा आहे.

‘पी १०’ स्वस्त असल्यामुळे सर्रास सुचवला जातो. त्याचा ठरावीक तुकडा ३२ सेंटिमीटर रुंद व १६ सेंटिमीटर उंच असून त्यात उभ्या दिशेने १६ ठिपके असतात. रोमन लिपीचे मोठे अक्षर सात ठिपक्यांत सुबक बसते, त्यामुळे परदेशी बनावटीच्या नमुन्यात १६ ठिपके भरपूर वाटतात. आपल्या अक्षराचा हिशेब वेगळा आहे. वरच्या मात्रेला तीन-चार, शिरोरेषेला एक, अक्षराच्या अंगाला सात-आठ आणि खालच्या उकाराला तीन, असे सोळाच्या सोळा ठिपके एका साध्या ओळीत संपतात. जोडाक्षर आले की ठिपके एकमेकांत मिसळून त्याचा गोळा होतो. ‘पी ५’ घेतला तर तेवढ्याच उंचीत ३२ ठिपके मिळतात, आणि फलाटावर चार-पाच मीटरवर उभ्या असलेल्या प्रवाशासही तोच योग्य ठरतो. किंमत वाढते हे खरे, कारण अंतर निम्मे केले की दिव्यांची संख्या चौपट होते. त्याच तुकड्यात ५१२ ऐवजी २,०४८ दिवे बसवावे लागतात. हा वाढीव खर्च लिपीसाठी आहे, आणि तो टाळू नये असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. प्रवेशद्वारावरचा मोठा फलक दूरून वाचायचा असल्याने तेथे मोठ्या अक्षरांत ‘पी १०’ चालू शकतो.

लिपीचा दुसरा अडथळा फलकाच्या नियंत्रकात असतो. कित्येक स्वस्त नियंत्रकांना देवनागरीची अक्षरे ठाऊक असतात, पण ती जोडण्याची रीत ठाऊक नसते. मग ‘किनवट’मधील पहिली वेलांटी ‘क’च्या पुढे जाऊन बसते, ‘त्र्यंबकेश्वर’चे पाय मोडून तुकडे पडतात, आणि ‘कऱ्हाड’च्या डोक्यावर रफार चढतो. ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळण तर क्वचितच मिळते. उपाय अवघड नाही. मजकूर संगणकावर युनिकोडमध्ये जुळवून त्याचे चित्र तयार करावे, आणि फलकाकडे अक्षरांऐवजी ते चित्र पाठवावे. असे चित्र स्वीकारणारा नियंत्रक हवा, ही अट मात्र मागणीपत्रातच असली पाहिजे. खरेदीनंतर ती आठवून उपयोग नाही.

घरगुती संच का नको?

व्यावसायिक पडदा घरगुती संचाहून बराच महाग असतो, आणि लेखापरीक्षणात नेमका तोच प्रश्न विचारला जातो. उत्तर तासांत आहे. घरगुती संच दिवसातून काही तास चालावा अशा बेताने घडवलेला असतो, तर व्यावसायिक पडदे रोज १६ तास किंवा अखंड २४ तास चालण्याच्या हमीने मिळतात. पाठीमागील दिव्यांचे तेज निम्म्यावर येण्यास साधारणतः ५० हजार तास लागतात असे निर्माते सांगतात. वर्षाचे तास ८,७६० धरले, तर अखंड चालणाऱ्या फलकास सुमारे पावणेसहा वर्षे होतात. घरगुती संचाची हमी सार्वजनिक वापरात पुष्कळदा रद्द होते, ही अट बारीक अक्षरांत छापलेली असते. वर सांगितलेली रिमोटची अडचण तर आहेच. वीज परत येताच, कोणी हात न लावता, ठरलेल्या जोडणीवर पूर्ववत सुरू होण्याची सोय व्यावसायिक पडद्यात असते. ती नसेल तर तो घेऊ नये. ओएलईडी जातीचे पडदे दिसायला सुंदर असले, तरी एकच वेळापत्रक दिवसेंदिवस दाखवल्याने त्यांवर त्याचा ठसा कायमचा उमटण्याचा धोका असतो.

पडद्याला मजकूर पुरवणारा लहानसा संगणक, ज्यास प्लेअर म्हणतात, तो काही पडद्यांत अंगभूत असतो, काहींना बाहेरून जोडावा लागतो. अंगभूत प्लेअरमध्ये तारा कमी आणि चोरीची भीती कमी. पण तो कालबाह्य झाला की पडदा चांगला असूनही अडचण येते. त्यामुळे बाहेरून दुसरा प्लेअर जोडण्याची जागा मोकळी असल्याची खात्री करावी. २०१२ पासून मिळणाऱ्या रास्पबेरी पाय यासारख्या तळहाताएवढ्या संगणकांवरही हे काम उत्तम होते. त्यांचे दुखणे एकच. वीज अकस्मात गेली की त्यांतील साठवणपट्टिका, म्हणजे एसडी कार्ड, बिघडण्याची शक्यता असते. औद्योगिक दर्जाची साठवण आणि दहा-पंधरा मिनिटे तग धरणारा लहान यूपीएस, एवढ्याने हे टळते.

प्लेअर कोणताही असो, संपर्क तुटला तरी त्याने जवळ साठवलेले वेळापत्रक दाखवत राहिले पाहिजे, आणि ही माहिती किती वाजताची आहे हेही कोपऱ्यात दाखवले पाहिजे. गाडीचा ठावठिकाणा कळत नसताना ‘वेळेवर’ असे दाखवणारा फलक कोऱ्या फलकाहून वाईट.

तारांविषयी थोडक्यात सांगायचे तर, साधी एचडीएमआय तार १० मीटरच्या पुढे बेभरवशाची होते. संगणक व्यवस्थापकांच्या खोलीत आणि पडदा प्रतीक्षागृहात असेल, तर संगणकजाळ्याची तार घालावी, ती १०० मीटरपर्यंत चालते. सर्व तारा नळीतून न्याव्यात, कारण बसस्थानकातील उंदरांना तारेचा प्रकार कळत नाही. स्वतंत्र अर्थिंग आणि वीज कडाडताना येणारा अतिदाब अडवणारे उपकरण या खर्चात काटकसर करू नये. १५० वॅटचा पडदा रोज १८ तास चालला तर दिवसाला २.७ युनिट, वर्षाला सुमारे ९८५ युनिट वीज घेतो. रात्री आपोआप तेज उतरवणारा संवेदक असल्यास हा आकडा खाली येतो.

मागणीपत्र आणि चाचणी

शासकीय खरेदीसाठी २०१६ पासून ‘जेम’ ही ई-बाजारपेठ उपलब्ध आहे. तेथे किंवा निविदेत केवळ ‘५५ इंची पडदा, नग एक’ असे लिहिले, तर सर्वांत स्वस्त घरगुती संचच येणार, आणि त्यास नियमाने नकार देता येणार नाही. म्हणून निट, रोजचे तास, कमाल तापमान, वीज आल्यावर स्वतः सुरू होणे, चित्ररूप मजकूर स्वीकारणे आणि भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक या बाबी आकड्यांनिशी लिहाव्यात. दुरुस्ती जागेवर येऊन करण्याची अट घालावी. एलईडी फलकाचे सुटे तुकडे शेकडा तीन ते पाच या प्रमाणात त्याच मागणीत मागवावेत. दोन वर्षांनी मागवलेल्या तुकड्याचा रंग जुन्याशी जुळत नाही, आणि फलकावर ठिगळ दिसू लागते.

शेवटचे देयक चुकते करण्यापूर्वी फलक त्याच जागी आठवडाभर चालवून पाहावा. भर दुपारी, उन्हाचा रोख फलकावर असताना, चष्मा लावणाऱ्या एखाद्या ज्येष्ठ प्रवाशाला १० मीटरवरून गाडीची वेळ वाचण्यास सांगावे. त्र्यंबकेश्वर, कऱ्हाड, किनवट, ब्रह्मपुरी, गडहिंग्लज ही नावे एकाखाली एक लावून एखाद्या शिक्षकाकडून तपासून घ्यावीत. दिवसातून तीन वेळा मुख्य बटण बंद करून पुन्हा चालू करावे, आणि कोणी हात न लावता वेळापत्रक किती मिनिटांत परत आले याची नोंद वहीत करावी. एकदा संगणकजाळ्याची तारही काढून पाहावी. या सात दिवसांत चौकशीच्या खिडकीवरील कर्मचाऱ्याने, गाडीचा फलाट विचारणारे किती जण आले याच्या रेघा ओढून ठेवाव्यात. भिंतीवरचा रंगवलेला जुना फलक या काळात, आणि त्यानंतरही, काढू नये. दर वर्षी त्याला रंगाचा एक हात द्यावा.